अँटीबॉडी ब्लॉकिंगमध्ये रिकॉम्बिनंट प्रोटीनचा तुकडा कंट्रोल म्हणून कसा वापरावा

वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर वजनानुसार वेगळी केलेली प्रोटीनं मेम्ब्रेनवर उतरवून हवं ते अँटीबॉडीने शोधण्याची पद्धत) अपेक्षित ठिकाणी बँड आला. मग त्याच अँटीबॉडीत तिच्या अँटिजेनचा (ती ज्या प्रोटीनला ओळखते त्याचा) तुकडा आधी मिसळला, ब्लॉट पुन्हा केला आणि बँड नाहीसा झाला. इथवर आलं की बरेच जण वहीत लिहून मोकळे होतात: अँटीबॉडी स्पेसिफिक आहे. पण या प्रयोगातून एवढा मोठा निष्कर्ष निघत नाही. बँड गेला म्हणजे अँटीबॉडी तिथे आपल्या अँटिजेन ओळखणाऱ्या जागेनेच चिकटली होती, एवढं नक्की. समोरचं प्रोटीन कोणतं होतं, हे मात्र अजून कळलेलं नाही. त्या तुकड्याशी साधर्म्य असलेलं दुसरंच प्रोटीन तिथे असतं, तरी बँड तसाच गेला असता.

ही मर्यादा मान्य करून केला तर हा प्रयोग फार उपयोगी आहे. ब्लॉकिंग पूर्ण झालं असेल, तर त्यानंतरही जो सिग्नल टिकून राहतो, तो अँटिजेनशी संबंधित नाही, हे तो ठामपणे सांगतो. म्हणून माझा भर नेहमी काय गेलं यापेक्षा काय उरलं यावर असतो. पुढची सगळी मांडणी त्याच दृष्टीने केली आहे. इथे ब्लॉकिंग म्हणजे प्रायमरी (थेट अँटिजेनला चिकटणाऱ्या) अँटीबॉडीच्या बंधन-जागा तुकड्याने भरून टाकणं. मेम्ब्रेनवर दूध किंवा बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घालून करतात ते ब्लॉकिंग वेगळं, तेही या प्रयोगात नेहमीप्रमाणे करायचंच आहे.

तुकडा निवडताना

पहिली अट साधी आहे: अँटीबॉडी ज्या भागाविरुद्ध तयार झाली, तो भाग तुकड्यात असलाच पाहिजे. अनेक पॉलिक्लोनल अँटीबॉडी (एकाच अँटिजेनचे वेगवेगळे भाग ओळखणाऱ्या अँटीबॉडींचं मिश्रण) ५० ते १५० अमिनो आम्लांच्या रिकॉम्बिनंट (बॅक्टेरियासारख्या पेशीत जनुक घालून बनवून घेतलेल्या) तुकड्याविरुद्ध तयार केलेल्या असतात. स्वीडनमध्ये २००३ मध्ये सुरू झालेल्या ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलास प्रकल्पाने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. अशा अँटीबॉडीसाठी तोच इम्युनोजेन तुकडा, म्हणजे ती ज्याविरुद्ध तयार झाली तो, मिळाला तर उत्तम. नसेल तर माहितीपत्रकातला इम्युनोजेनचा क्रम आणि तुकड्याचा क्रम शेजारीशेजारी ठेवून पाहा. क्रम न पाहता केवळ प्रोटीनचं नाव जुळतं म्हणून तुकडा मागवू नका. एकाच प्रोटीनचे दोन तुकडे एकमेकांना अजिबात न शिवणारे असू शकतात.

मोनोक्लोनल अँटीबॉडी असेल तर जास्त जपावं लागतं. ती एकच एपिटोप (अँटीबॉडी बसते ती प्रोटीनवरची जागा) ओळखते आणि तो एपिटोप प्रोटीनच्या घडीवर अवलंबून असू शकतो. ई. कोलाय या बॅक्टेरियात बनवलेल्या तुकड्यावर मानवी पेशीत होतं तसं ग्लायकोसिलेशन (साखरेच्या साखळ्या जोडणं) नसतं, आणि छोट्या तुकड्याला मूळ घडी येईलच असं नाही. असा तुकडा ब्लॉक करू शकला नाही, तर दोष अँटीबॉडीचा असेलच असं नाही. फॉस्फो-स्पेसिफिक (प्रोटीनवर फॉस्फेट असेल तरच ओळखणाऱ्या) अँटीबॉडीसाठी तर बॅक्टेरियात बनलेला, फॉस्फेट नसलेला तुकडा ब्लॉकर म्हणून वापरूच नये. तिथे फॉस्फोपेप्टाइडने ब्लॉक करायचं आणि फॉस्फेट नसलेल्या त्याच क्रमाला तुलनेचा कंट्रोल करायचं. अँटीबॉडी खरोखर फॉस्फेट ओळखत असेल, तर पहिल्याने सिग्नल जाईल आणि दुसऱ्याने राहील.

त्यानंतर टॅग, म्हणजे तुकडा शुद्ध करणं सोपं जावं म्हणून त्याला जोडलेला जादाचा भाग. तुकड्यावर हिस्टिडिन टॅग, जीएसटी (ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज) किंवा अल्ब्युमिनला बांधणारा टॅग असतो. इम्युनोजेनवरही तोच टॅग असेल, तर अँटिसीरममध्ये (इम्युनोजेन टोचलेल्या प्राण्याच्या रक्तातल्या सीरममध्ये) टॅगविरुद्धच्या अँटीबॉडीही असतात. अल्ब्युमिन बांधणारा टॅग स्ट्रेप्टोकोकसच्या प्रोटीन जीमधल्या अल्ब्युमिन धरणाऱ्या भागापासून घेतलेला आहे. टिश्यूमध्ये (ऊतीमध्ये) अल्ब्युमिन भरपूर असतं. तेव्हा तुकडा आणि अँटीबॉडीची जोडी टॅगमार्फत टिश्यूला जाऊन चिकटण्याची शक्यता डोक्यात ठेवावी लागते. ती तपासण्याची सोय पुढे नळ्यांच्या मांडणीत आहे.

तुकड्याचा क्रम ब्लास्ट या क्रम जुळवणाऱ्या संगणक प्रोग्रॅममध्ये टाकून त्याच प्रजातीच्या सगळ्या प्रोटीनांशी जुळवून पाहणं हे पाच मिनिटांचं काम आहे. ते टाळू नका. जवळचे पॅरालॉग (त्याच प्रजातीतली, एकाच मूळ जनुकापासून आलेली साधर्म्याची प्रोटीनं) कोणते आणि त्यांचं वजन किती, हे आधी लिहून ठेवलं की नंतर अनपेक्षित बँड दिसल्यावर अंदाज बांधत बसावं लागत नाही.

आधी अँटीबॉडीचं टायट्रेशन

ब्लॉकिंग फसण्याचं एक मोठं कारण म्हणजे अँटीबॉडीच गरजेपेक्षा जास्त असते. म्हणून आधी तिची डायल्युशन मालिका करा आणि स्पष्ट सिग्नल देणारी सगळ्यात कमी कॉन्सेंट्रेशन निवडा. सिग्नल संपृक्त असेल, तर नव्वद टक्के अँटीबॉडी अडवली गेली तरी बँड तसाच काळाकुट्ट दिसतो आणि ब्लॉकिंग झालंच नाही असा समज होतो.

तुकडा अँटीबॉडीला दिसतो का, हेही याच वेळी पाहून घ्या. नायट्रोसेल्युलोजवर तुकड्याचे काही नॅनोग्रॅमचे ठिपके देऊन डॉट ब्लॉट करा, किंवा जेलवर तुकडा चालवून त्यावर अँटीबॉडी लावा. तुकडा अखंड आहे की तुटलेला, हे जेलवर कळतं. इथेच सिग्नल नसेल तर पुढचा प्रयोग करण्यात अर्थ नाही.

हिशोब मोलमध्ये करा, मायक्रोग्रॅममध्ये नव्हे

अँटीबॉडीच्या पाचपट वजनाचं पेप्टाइड घाला, हा नियम सर्रास सांगितला जातो. छोट्या पेप्टाइडला तो चालून जातो. रिकॉम्बिनंट तुकड्याला तो लावला की गडबड होते, कारण तुकडा पेप्टाइडच्या दहा-पंधरा पट जड असतो. १ मायक्रोग्रॅम अँटीबॉडी घ्या. आयजीजीचं, म्हणजे नेहमीच्या अँटीबॉडी रेणूचं, वजन सुमारे १५० किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक), म्हणजे ही ६.७ पिकोमोल झाली. २ किलोडाल्टनचं पेप्टाइड ५ मायक्रोग्रॅम घातलं तर ते २,५०० पिकोमोल होतं, अँटीबॉडीच्या सुमारे ३७५ पट. पण २७ किलोडाल्टनचा तुकडा ५ मायक्रोग्रॅम घातला तर तो जेमतेम १८५ पिकोमोल, म्हणजे २८ पट भरतो.

तुकड्यासाठी सुरुवात १०० पट मोलर प्रमाणापासून करावी. एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. वेस्टर्नच्या एका पट्टीसाठी २ मिलिलिटर द्रावण हवं आहे आणि अँटीबॉडीची कामाची कॉन्सेंट्रेशन दर मिलिलिटरला ०.५ मायक्रोग्रॅम ठरली आहे. म्हणजे एकूण अँटीबॉडी १ मायक्रोग्रॅम, ६.७ पिकोमोल. तिच्या १०० पट म्हणजे ६६७ पिकोमोल तुकडा. २७ किलोडाल्टनच्या तुकड्याचा १ पिकोमोल २७ नॅनोग्रॅम भरतो, तेव्हा ६६७ पिकोमोल म्हणजे १८ मायक्रोग्रॅम. स्टॉक दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असेल तर १८ मायक्रोलिटर घ्यायचे.

दोन गोष्टी इथे हमखास निसटतात. वजन धरताना टॅगसकट पूर्ण वजन धरायचं, केवळ प्रोटीनच्या भागाचं नाही. वजन माहीत नसेल तर एका अमिनो आम्लाला सरासरी ११० डाल्टन धरून काढता येतं. दुसरी गोष्ट कॉन्सेंट्रेशनची. तुकडा छोटा असल्याने त्यात ट्रिप्टोफॅन नसण्याची शक्यता बरीच असते, आणि मग २८० नॅनोमीटरवरचं प्रकाशशोषणाचं वाचन फसवं निघतं. बीसीए (रंगावरून प्रोटीन मोजण्याची) पद्धत बरी. १ मोलर युरिया असलेल्या बफरमध्येही ती चालते.

अँटीबॉडी शुद्ध नसून अख्खं अँटिसीरम असेल, तर त्यातली स्पेसिफिक आयजीजी किती हे ठाऊक नसतं. तिथे एका ठरावीक प्रमाणावर विसंबू नका, थेट पुढे दिलेली मालिका करा.

नळ्यांची मांडणी

अँटीबॉडी एकटी आणि अँटीबॉडी अधिक तुकडा, अशा दोनच नळ्या ठेवून केलेला प्रयोग अर्धवट आहे. किमान इतक्या नळ्या हव्यात:

१. अँटीबॉडी आणि तुकड्याचा बफर, तुकडा नाही.
२. अँटीबॉडी आणि स्वतःचा तुकडा.
३. अँटीबॉडी आणि असंबंधित तुकडा.
४. तुकडा एकटा, प्रायमरी नाही, नंतर सेकंडरी (प्रायमरीला चिकटून सिग्नल देणारी अँटीबॉडी).
५. केवळ सेकंडरी.
६. दुसऱ्याच प्रोटीनविरुद्धची अँटीबॉडी आणि क्रमांक २ मधला तुकडा.

यातली तिसरी नळी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. असंबंधित तुकडा म्हणजे वेगळ्या प्रोटीनचा, पण टॅग तोच, बफर तोच, वजन जवळपास तेवढंच आणि मोलर प्रमाणही तेवढंच. नळी २ मध्ये सिग्नल गेला आणि नळी ३ मध्ये टिकला, तरच तो सिग्नल त्या विशिष्ट क्रमामुळे गेला असं म्हणता येतं. दोन्हीत गेला तर अँटीबॉडी टॅगला चिकटते आहे, किंवा नळीत इतकं प्रोटीन घातल्याने काहीतरी बिघडतं आहे. बीएसए हा या नळीला पर्याय नाही. त्याच्यावर टॅग नसतो आणि तो बॅक्टेरियातून आलेला नसतो.

चौथी आणि सहावी नळी उलट बाजूने राखण करतात. तुकडा एकटाच मेम्ब्रेनला किंवा टिश्यूला चिकटून सेकंडरीला ओढतो का, हे चौथी सांगते. तुकडा सरसकट सगळ्याच अँटीबॉडींचं बंधन मारतो का, हे सहावी सांगते. तिथला सिग्नल जसाच्या तसा राहायला हवा.

मिसळणं आणि थांबणं

मिश्रण कमी आकारमानात करायचं, कारण दाट द्रावणात बंधन जास्त पूर्ण होतं. वरच्याच उदाहरणात अँटीबॉडीचा स्टॉक दर मिलिलिटरला ०.२ मिलिग्रॅम असेल तर तिचे ५ मायक्रोलिटर, तुकड्याचे १८ आणि बफरचे ७७, असे मिळून १०० मायक्रोलिटर. बफर म्हणून पीबीएस किंवा टीबीएस चालेल. खोलीच्या तापमानाला किमान ३० मिनिटं हलकं हलवत ठेवा. अँटीबॉडीची पकड कमकुवत असल्याची शंका असेल तर ४ अंश सेल्सिअसला रात्रभर. सगळ्या नळ्या तितकाच वेळ, त्याच तापमानाला ठेवायच्या. नळी १ ताजी बनवली आणि नळी २ रात्रभर ठेवली, तर तुलना तिथेच संपली.

नंतर १०,००० ते १४,००० जी वर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं द्रावण घ्या. पॉलिक्लोनल अँटीबॉडी आणि तुकडा मिळून मोठी जाळी बनवू शकतात. ती टिश्यूवर बसली तर ठिपक्याठिपक्यांची पार्श्वभूमी दिसते. ही पायरीही सगळ्या नळ्यांवर सारखीच. मग कामाच्या डायल्युएंटने २ मिलिलिटरपर्यंत न्या.

तुकड्याच्या बफरमधल्या युरियाची धास्ती घेण्याचं कारण नाही. तुकडा १ मोलर युरियात आला असेल तर १०० मायक्रोलिटरमध्ये तो ०.१८ मोलर होतो आणि २ मिलिलिटरला ९ मिलिमोलरवर येतो. तरीही नळी १ मध्ये तोच बफर त्याच मापाने घालायचा. युरिया असलेली व्हायल मात्र गरम करू नका. उष्णतेने युरियापासून सायनेट बनतं, ते लायसिनवर बसतं, आणि एपिटोपमध्ये लायसिन असेल तर तुकडा निरुपयोगी होऊ शकतो. छोटे छोटे भाग करून गोठवा आणि एक भाग एकदाच वापरा.

डायल्युट केल्यावर काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. वरच्या उदाहरणात २ मिलिलिटरमध्ये तुकडा सुमारे ३३३ नॅनोमोलर उरतो. अँटीबॉडीचा केडी (पकडीचं माप, जितका कमी तितकी पकड घट्ट) १ नॅनोमोलर असेल तर ९९.७ टक्के जागा भरलेल्या राहतात. केडी १०० नॅनोमोलर असेल तर साधारण ७७ टक्केच. आयजीजीला दोन जागा असतात, तेव्हा ७७ टक्क्यांच्या हिशोबाने जवळपास ४१ टक्के रेणूंची निदान एक जागा मोकळी राहते, आणि एका मोकळ्या जागेवरही अँटीबॉडी मेम्ब्रेनला चिकटते. कमकुवत पकडीच्या अँटीबॉडीचं ब्लॉकिंग अर्धवट का राहतं, त्याचं कारण बरेचदा इतकंच असतं. अशा वेळी डायल्युएंटमध्येही तुकडा घालून त्याची कॉन्सेंट्रेशन टिकवावी.

ब्लॉटवर आणि सेक्शनवर

वेस्टर्नसाठी एकाच जेलवर तोच लायसेट (पेशी फोडून मिळालेला अर्क), तितकाच, शेजारच्या लेनमध्ये भरा, ट्रान्सफरनंतर मेम्ब्रेनच्या पट्ट्या कापा आणि प्रत्येक पट्टी वेगळ्या नळीतल्या द्रावणात ठेवा. धुणं, सेकंडरी, सब्स्ट्रेट एकाच वेळी. चित्र घेताना सगळ्या पट्ट्या एकत्र ठेवून एकाच एक्सपोजरवर घ्या. तीच मेम्ब्रेन स्ट्रिप करून दुसऱ्यांदा ब्लॉकिंगसाठी वापरू नका. स्ट्रिपिंगमध्ये प्रोटीनही निघून जातं आणि सिग्नल कशामुळे घटला हे सांगता येत नाही.

टिश्यूसाठी टिश्यूच्या एकाच ठोकळ्याचे लागोपाठचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, घ्या. अँटिजेन रिट्रीव्हल (टिश्यूत झाकले गेलेले एपिटोप पुन्हा उघडे करणं) एकाच पात्रात करा. डीएबीची (सिग्नलच्या जागी तपकिरी रंग देणाऱ्या रसायनाची) वेळ नळी १ च्या सेक्शनवर ठरवा आणि घड्याळ लावून बाकीच्यांना तितकीच द्या. ब्लॉक केलेल्या सेक्शनवर रंग येत नाही म्हणून तो थोडा जास्त वेळ ठेवणं, किंवा उलट लवकर थांबवणं, दोन्ही चुकीचं. ब्लॉकिंगनंतर यकृत किंवा मूत्रपिंडात रंग उरला आणि शोधपद्धतीत बायोटिन असेल, तर आधी टिश्यूतल्या मूळच्या बायोटिनचा विचार करा.

टिश्यूमध्ये आणखी एक अडचण येते. तुकड्यात प्रोटीनचा असा भाग असेल जो दुसऱ्या प्रोटीनला धरतो, तर तुकडा आणि अँटीबॉडीची जोडी त्या भागामार्फत टिश्यूवर बसते. सिग्नल घटण्याऐवजी वाढतो किंवा भलत्याच ठिकाणी उमटतो. यावर खात्रीचा उपाय म्हणजे तुकडा विरघळलेला न ठेवता मण्यांवर कोव्हॅलंट बंधाने पक्का करणं, अँटीबॉडी त्या मण्यांबरोबर ठेवणं, मणी खाली बसवून वरचं द्रावण सेक्शनवर लावणं. असंबंधित तुकड्याचे मणी समांतर हवेतच. निकेल मण्यांवर हिस्टिडिन टॅगने लटकवलेला तुकडा सुटून द्रावणात येऊ शकतो, म्हणून कोव्हॅलंट बंध बरा. एनएचएस रसायनाने जोडत असाल तर आधी ट्रिस बफर काढून टाका, कारण ट्रिसमधला अमाइन गट जोडण्याच्या जागा खाऊन टाकतो.

एका बिंदूवर न थांबता मालिका

वेळ आणि तुकडा पुरेसा असेल तर ०, १, ३, १०, ३० आणि १०० पट अशी मालिका करा, आणि हीच मालिका असंबंधित तुकड्याचीही करा. स्वतःच्या तुकड्याने सिग्नल पायरीपायरीने उतरला आणि असंबंधित तुकड्याची रेषा सपाट राहिली, तर हा पुरावा एका जोडी-चित्रापेक्षा कितीतरी भक्कम असतो. मालिकेतून आणखी एक गोष्ट हाती लागते. दोन बँड वेगवेगळ्या प्रमाणावर उतरले, तर त्यांच्याशी वेगवेगळ्या पकडीच्या अँटीबॉडी जोडल्या जात असाव्यात, आणि त्यातला एक बँड क्रॉस-रिअ‍ॅक्शनचा असू शकतो.

निकाल वाचताना

समजा अपेक्षित वजन ४५ किलोडाल्टन आहे आणि ब्लॉटवर ४५, ७० आणि २८ वर बँड आहेत. ब्लॉकिंगनंतर ४५ आणि ७० गेले, २८ राहिला. २८ चा निकाल लागला: तो या अँटिजेनचा नाही, आणि केवळ सेकंडरीच्या पट्टीवरही तो असेल तर त्याचा उगमही सापडला. ४५ आणि ७० यांच्यात मात्र हा प्रयोग भेद करू शकत नाही. ७० हा त्याच प्रोटीनचा मोठा आयसोफॉर्म (त्याच जनुकापासून बनलेलं दुसरं रूप) असेल, बदल झालेला प्रकार असेल किंवा पॅरालॉग असेल. ब्लास्टची यादी इथे उपयोगी पडते, पण शेवटचा शब्द जीन नॉकआउट केलेल्या (ते जनुक बंद पाडलेल्या) पेशींचाच. पॉलिक्लोनल अँटीबॉडी त्याच तुकड्यावर अ‍ॅफिनिटीने शुद्ध केलेली असेल, तर तिच्यातली जवळपास प्रत्येक अँटीबॉडी त्या तुकड्याला चिकटणारच. तिथे सगळे बँड जाणं अपेक्षितच आहे, त्यातून नवं फारसं काही कळत नाही.

काहीच गेलं नाही तर क्रमाने तपासा: तुकड्याची कॉन्सेंट्रेशन, तुकडा अखंड आहे का, एपिटोप त्यात आहे का, अँटीबॉडी जास्त होत नाही ना. हे सगळं ठीक असेल आणि डॉट ब्लॉटवर अँटीबॉडी तुकड्याला व्यवस्थित धरत असेल, तर मूळ सिग्नलच अँटिजेनचा नव्हता. हा निकाल नकोसा वाटतो, पण या प्रयोगातून मिळणारा सगळ्यात स्पष्ट निकाल तोच आहे.

सॅपर आणि सॉचेंको या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या (टिश्यूवर अँटीबॉडीने प्रोटीन शोधण्याच्या) कंट्रोलविषयी लिहिताना, सिग्नल गेला म्हणून समोरचं प्रोटीन कोणतं हे कळत नाही, या मर्यादेवर बोट ठेवलं होतं. २०१६ मध्ये उलेन आणि सहकाऱ्यांनी अँटीबॉडी पडताळणीचे पाच आधार मांडले: जनुकीय बदल, अँटीबॉडीविना होणारं समांतर मोजमाप, त्याच प्रोटीनचा वेगळा भाग ओळखणारी स्वतंत्र अँटीबॉडी, टॅग लावलेल्या प्रोटीनची अभिव्यक्ती, आणि इम्युनोकॅप्चरनंतर (अँटीबॉडीने प्रोटीन पकडून वेगळं केल्यावर) मास स्पेक्ट्रोमेट्री. तुकड्याने केलेलं ब्लॉकिंग त्या पाचांत नाही. म्हणून शोधनिबंधात ते पडताळणी या शीर्षकाखाली एकटं टाकू नये. यातला निदान एक आधार सोबत असावा.

चित्राच्या खालच्या ओळीत तुकड्याचा अमिनो आम्ल क्रमांक कुठून कुठपर्यंत, टॅग कोणता, मोलर प्रमाण किती, मिश्रण किती वेळ आणि कोणत्या तापमानाला ठेवलं, असंबंधित तुकडा कोणता, हे लिहा. नुसतं पेप्टाइड ब्लॉकिंग केलं असं लिहिलेलं वाचून कुणालाही तो प्रयोग पुन्हा करता येत नाही. असंबंधित तुकड्याची पट्टी पूरक माहितीत न ढकलता मुख्य चित्रात, स्वतःच्या तुकड्याच्या पट्टीला लागूनच छापा.